निवृत्तिवेतनाचा निर्णय एकट्याचा नव्हे

निगडी-प्राधिकरणातील किंवा चिंचवडमधील एखाद्या उद्यानात सकाळी फेरफटका मारला, तर बाकांवर बसलेल्या निवृत्त कामगारांच्या बोलण्यात दोन विषय हमखास येतात. एक गुडघ्यांचा आणि दुसरा पेन्शनचा. पहिल्या विषयावर डॉक्टर असतात, दुसऱ्यावर मात्र प्रत्येकजण आपापल्या परीने तज्ज्ञ असतो. ‘मिळते तेव्हा घेऊन टाकावी, उद्याचे कोणी पाहिले आहे?’ असे एक म्हणतो. दुसऱ्याचा मुलगा न्यू जर्सीत असतो आणि त्याने फोनवर सांगितलेले असते, की पेन्शन जितकी उशिरा घ्यावी तितकी चांगली. दोघेही आपल्या जागी प्रामाणिक असतात. परंतु या संभाषणात एक व्यक्ती सहसा हजर नसते. ती त्या वेळी घरी स्वयंपाकाला लागलेली असते. पेन्शनच्या निर्णयाचे परिणाम सर्वांत दीर्घ काळ भोगायचे असतात ते तिला.

पिंपरी ते चाकण या पट्ट्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यानंतरच्या काळात टेल्को, बजाज यांच्यासारखे मोठे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरविणारी शेकडो लहान वर्कशॉपे या माळावर उभी राहिली. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, विदर्भ येथून आलेल्या तरुणांनी येथे नोकऱ्या धरल्या, संसार थाटले, घरे बांधली. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका झाली. त्या पहिल्या पिढीचे लोक आज वार्धक्यात आहेत, दुसरी पिढी पन्नाशी-साठीच्या उंबरठ्यावर आहे, आणि चाकणच्या नव्या कारखान्यांत कंत्राटदाराच्या हजेरीपटावर काम करणारी तिसरी पिढी अजून या विषयाकडे ढुंकूनही पाहत नाही. वस्तुतः तिघांनाही एकाच योजनेशी गाठ आहे. ती म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५.

योजनेचा सांगाडा

या योजनेविषयी गैरसमज फार आहेत, म्हणून तिचा सांगाडा प्रथम समजून घेणे इष्ट ठरेल. १ मार्च १९७१ पासून औद्योगिक कामगारांसाठी कुटुंबनिवृत्तिवेतनाची एक योजना होती. तिचा मुख्य लाभ कामगाराच्या मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबास मिळे. जिवंतपणी कामगारास मासिक पेन्शन नव्हती. १६ नोव्हेंबर १९९५ पासून तिच्या जागी सध्याची योजना आली. मालक जो प्रॉव्हिडंट फंड भरतो, त्यातील वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम या पेन्शन निधीत जाते आणि केंद्र सरकार १.१६ टक्के घालते. हे वेतन मोजताना १ सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार रुपयांची मर्यादा आहे. त्यापूर्वी ती साडेसहा हजारांची होती. त्यामुळे प्रत्यक्ष पगार पन्नास हजार असला तरी सामान्यतः पेन्शन निधीत महिन्याला १,२५० रुपयेच जमा होतात.

पेन्शनचे सूत्र साधे आहे. पेन्शनयोग्य वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. पंधरा हजारांच्या मर्यादेत काम करणाऱ्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे महिना सुमारे २१४ रुपये पेन्शन पडते. २०१४ पूर्वीच्या सेवेचा हिशेब मात्र जुन्या मर्यादेने होतो. तेथे हाच आकडा एका वर्षामागे ९३ रुपयांच्या आसपास येतो. वीस वर्षे वा अधिक सेवा झाली, तर दोन वर्षांची भर घातली जाते. किमान दहा वर्षांची सेवा झाल्याखेरीज मासिक पेन्शनचा हक्क निर्माण होत नाही. सहा महिने वा त्याहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने साडेनऊ वर्षे सेवा झालेल्यासही तो हक्क मिळतो.

आता आपल्या विषयाकडे वळू. पेन्शनचे नियत वय ५८ आहे. परंतु नोकरी सुटलेली असेल, तर पन्नाशीनंतर केव्हाही ती मागता येते. अशा वेळी ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांसाठी दर वर्षी ४ टक्के कपात होते. हा दर २००८ पूर्वी ३ टक्के होता. उलट, २०१६ च्या दुरुस्तीने ५८ नंतर साठीपर्यंत थांबण्याची सोय झाली आणि थांबलेल्या प्रत्येक वर्षासाठी ४ टक्के वाढ मिळू लागली. म्हणजे निर्णयाचा पट्टा पन्नास ते साठ असा दहा वर्षांचा आहे. आणि सर्वांत महत्त्वाची बाब ही, की पेन्शन सुरू झाल्यावर तो सभासद वारला, तर त्याच्या विधवेस मृत्यूच्या वेळी त्याला मिळत असलेल्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते. निम्मी कशाची? मूळ पेन्शनची नव्हे, तर कपात होऊन त्याच्या हाती पडत असलेल्या पेन्शनची. पन्नाशीच्या आसपास पतीने केलेली सही अशा रीतीने पत्नीच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत जाऊन पोहोचते.

एका जोडप्याचा हिशेब

कल्पनेने एक जोडपे डोळ्यांसमोर आणू. भोसरीतील एका वर्कशॉपमध्ये पतीने तेवीस-चोवीस वर्षे काम केले. वर्कशॉप बंद पडले तेव्हा त्याचे वय ५२, पत्नीचे ४७. घराचे हप्ते चालू आहेत, मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. ५८ व्या वर्षी त्याला महिना ४,००० रुपये पेन्शन मिळेल असे धरू. आजच मागितली, तर सहा वर्षांच्या कपातीनंतर ती ३,१०० रुपयांच्या आसपास येईल. त्याने काय करावे?

आज मागितल्यास ५८ चे वय येईपर्यंत त्याच्या घरात सुमारे २ लाख २३ हजार रुपये येतील, जे थांबल्यास आले नसते. ५८ नंतर मात्र दरमहा ९०० रुपयांची तूट सुरू होईल. ही तूट मागील मिळकत खाऊन संपविण्यास वीस वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल, म्हणजे पती एकोणऐंशीच्या घरात जाईल. तोवर तो जगला, तर दोन्ही बाजू समसमान होतील. त्याहून अधिक जगला, तर थांबणे फायद्याचे ठरले असते. नुसत्या पतीच्या दृष्टीने पाहिले तर लवकर घेणारा चूक करतो, असे ठामपणे म्हणता येत नाही.

पण हिशेब येथे संपत नाही. समजा, पती सत्तराव्या वर्षी वारला. तोवर लवकर पेन्शन घेतल्यामुळे घरात एकूण सुमारे ९३ हजार रुपये अधिक आलेले असतील. पत्नी त्या वेळी ६५ वर्षांची असेल. तिला २,००० ऐवजी १,५५० रुपये मिळतील. महिना ४५० रुपये कमी. ती ८२ वर्षांपर्यंत जगली, तर सतरा वर्षांत हा तोटा सुमारे ९२ हजारांवर जातो. बेरीज-वजाबाकी जवळजवळ शून्य! एखादा हिशेबनीस म्हणेल, की मग तक्रार कसली? तक्रार अशी, की जमेची रक्कम ज्या काळात आली त्या काळात ती हप्त्यात आणि फीमध्ये गेली, सर्वांनी मिळून ती खाल्ली. खर्चाची बाजू मात्र अशा काळात आली, की जेव्हा ती एकटी होती, कमावण्याचे वय गेले होते आणि महिन्याच्या औषधांना ४५० रुपये ही रक्कम लहान नव्हती. कुटुंबाच्या वहीत जो व्यवहार बरोबर सुटतो, तो त्यातील एका माणसाच्या आयुष्यात बरोबर सुटतोच असे नाही.

आपल्याकडे पती बहुधा वयाने चार-सहा वर्षांनी मोठा असतो, आणि स्त्रिया सामान्यतः पुरुषांहून अधिक जगतात. या दोन गोष्टी एकत्र केल्या, म्हणजे प्रत्येक कामगाराच्या घरात स्त्रीच्या एकटेपणाची काही वर्षे जवळजवळ ठरलेलीच आहेत, हे ध्यानात येते. पेन्शन केव्हा मागावी हा प्रश्न म्हणून ‘मी किती जगेन’ असा विचारून चालत नाही. ‘आपल्या दोघांपैकी जो मागे राहील, तो कशावर जगेल’, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेचा सल्ला येथे का लागू नाही

न्यू जर्सीच्या मुलाचा सल्ला त्याच्या देशापुरता रास्त आहे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचे वेतन ६२ व्या वर्षापासून मागता येते; १९६० मध्ये वा त्यानंतर जन्मलेल्यांचे पूर्ण वेतनाचे वय ६७ आहे, आणि तेथून सत्तरीपर्यंत थांबणाऱ्यास दर वर्षी ८ टक्के वाढ मिळते. ते वेतन महागाईनुसार दर वर्षी वाढविले जाते. पती-पत्नींपैकी अधिक वेतनवाला आधी गेला, तर मागे राहिलेल्यास त्याच्या वेतनाएवढी रक्कम मिळू शकते. म्हणूनच तेथील जाणकार सांगतात, की दोघांपैकी ज्याची कमाई मोठी, त्याने शक्य तितके थांबावे. कारण तो केवळ स्वतःसाठी थांबत नसून जोडीदारासाठी थांबत असतो.

आपल्या योजनेत यातील तीनही गोष्टी नाहीत. वाढ आठ टक्के नव्हे, चार टक्के आहे. मागे राहणाऱ्यास पूर्ण नव्हे, निम्मी रक्कम आहे. आणि पेन्शन महागाईशी निगडित नाही. आज ठरलेला आकडा वीस वर्षांनीही तोच राहतो. या तिसऱ्या गोष्टीने तर गणितच फिरते. ५८ व्या वर्षी मिळू शकणारी ४,००० रुपयांची पेन्शन साठीपर्यंत लांबविली, तर दोन वर्षांचे ९६ हजार रुपये सोडावे लागतात आणि बदल्यात महिना सुमारे ३२० रुपये वाढ पदरात पडते. सोडलेली रक्कम भरून येण्यास पंचवीस वर्षे लागतील, आणि तोवर त्या ३२० रुपयांना किती किंमत उरेल हे गेल्या पंचवीस वर्षांतील भाजीच्या दरांवरून प्रत्येकाने ताडावे. पत्नीच्या वाट्याला त्यातील १६० रुपये येतील. जो साठीपर्यंत नोकरीत राहून पेन्शन निधीत वर्गणी चालू ठेवू शकतो, त्याची सेवाही वाढते, त्याची गोष्ट थोडी वेगळी. परंतु केवळ वाढीच्या आशेने थांबण्यात सामान्य कामगाराचे हित दिसत नाही. ५८ पूर्ण झाले की अर्ज करावा, हे बरे. ५८ नंतर नोकरी चालू असली तरी पेन्शन घेता येते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

तेव्हा खरी निवड ५८ आणि ६० यांत नाही. ती पन्नास आणि अठ्ठावन्न यांत आहे. पन्नाशीतच पेन्शन घेतल्यास जवळजवळ तीस टक्के कपात कायमची मागे लागते. बेकारीच्या काळात, पोटाला चिमटा बसत असताना ती घेणाऱ्यास दोष देणे क्रूरपणाचे होईल. परंतु ज्याला दुसरी नोकरी मिळण्याची शक्यता आहे, त्याने घाई करू नये. थांबण्याच्या प्रत्येक वर्षी चार टक्के कपात वाचते, आणि नव्या नोकरीत प्रॉव्हिडंट फंड असेल तर वर्षाला २१४ रुपयांची पेन्शनही वाढते. एकोणीस वर्षे सेवा झालेल्याने तर एखादे वर्ष अधिक खेचावेच. विसावे वर्ष पूर्ण होताच दोन वर्षांची जी भर पडते, तिचे मूल्य आयुष्यभर मिळत राहते. आणि पैशाची निकड भागविण्यासाठी प्रथम कोणत्या रकमेला हात लावावा, याचाही क्रम असावा. प्रॉव्हिडंट फंडाची एकरकमी शिल्लक हा जोडप्याचा सामाईक साठा आहे. पेन्शन हा झरा आहे. साठा कमी केला तर तो पुन्हा काही अंशी भरता येतो, झऱ्याचे तोंड एकदा लहान केले की पुन्हा मोठे करता येत नाही.

तिचे स्वतःचे खाते

आतापर्यंत आपण पत्नीस मागे राहणारी म्हणून पाहिले. परंतु या पट्ट्यातील जुळणीच्या कारखान्यांत, औषधांच्या व सुट्या भागांच्या पॅकिंगमध्ये हजारो स्त्रियांनी स्वतः नोकऱ्या केल्या आहेत. त्यांपैकी अनेकींनी मुले झाल्यावर नोकरी सोडली, आणि सोडताना प्रॉव्हिडंट फंडाबरोबर पेन्शनची वर्गणीही काढून घेतली. दहा वर्षांहून कमी सेवा असल्यास तशी मुभा आहे. घरात थोडी रक्कम आली, तिचे एखादे कपाट वा दागिना झाला, आणि तिच्या सहा-सात वर्षांच्या सेवेवर कायमची रेघ पडली. याला दुसरा मार्ग होता व आहे. रक्कम न काढता सेवेचे प्रमाणपत्र घेऊन ठेवता येते; पुढे पुन्हा नोकरी धरली की जुनी सेवा नव्या सेवेस जोडली जाते. मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा तीन-चार वर्षे काम करणारी स्त्री अशा रीतीने दहा वर्षांचा उंबरठा ओलांडू शकते. पंधरा हजारांच्या मर्यादेतील वेतनावर ही पेन्शन महिना दोन हजारांच्या आसपास जाते. चार हजारांच्या पेन्शनवाल्या पतीमागे तिला जी निम्मी पेन्शन मिळेल, तितकीच ही आहे. आणि ही तिला पतीच्या हयातीतही मिळते. पतीच्या पश्चात स्वतःची पेन्शन आणि विधवेची पेन्शन या दोन्हींचा तिला हक्क राहतो.

चाकणच्या तरुण कंत्राटी कामगारांनाही हेच लागू आहे. एका कंत्राटदाराकडे अकरा महिने, दुसऱ्याकडे दीड वर्ष, मध्ये काही महिने गावी, असा त्यांचा क्रम असतो. प्रत्येक वेळी पेन्शनची रक्कम काढून घेणारा दहा वर्षे राबूनही पेन्शनचा धनी होत नाही. २०१४ पासून प्रत्येक सभासदास एकच कायम क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाखाली सर्व नोकऱ्या जोडून घेणे, इतके एक काम तरुण जोडप्याने केले, तरी तीस वर्षांनंतरच्या वादाचे मूळ उपटले जाईल.

शिक्षक आणि कारकुनांचे घर

शासकीय सेवेतील व अनुदानित शाळांतील शिक्षक-कारकून मंडळींना वाटेल, की हा कारखान्यांचा प्रश्न, आपला नव्हे. जुन्या योजनेखालील राज्य कर्मचाऱ्यास अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के पेन्शन आणि त्याच्या पश्चात जोडीदारास सामान्यतः ३० टक्के कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते, शिवाय महागाई भत्ता असतो. त्यांना वयाची निवड फारशी नाही. निवड आहे ती अंशराशीकरणाची. पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसा घेता येतो व पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत होते. कुटुंबनिवृत्तिवेतन मात्र या विक्रीमुळे कमी होत नाही. त्यामुळे येथे पतीच्या निर्णयाचा भार विधवेवर त्या प्रमाणात पडत नाही. कारखान्यातील कामगारास असे सुख मिळाले नाही. १९९५ च्या योजनेत पूर्वी एक तृतीयांश पेन्शन विकण्याची आणि भांडवल परतीची सोय होती; २००८ मध्ये दोन्ही बंद झाल्या. ज्यांनी तत्पूर्वी पेन्शन विकली होती, त्यांना ती पंधरा वर्षांनी पूर्ववत करून मिळण्यासाठी २०२० पर्यंत वाट पाहावी लागली.

परंतु १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्या शिक्षकांचे घर पुन्हा कामगाराच्या घराजवळ येते. राष्ट्रीय पेन्शन योजनेतील साठलेल्या रकमेच्या काही भागातून निवृत्तीच्या वेळी वार्षिकी विकत घ्यावी लागते. एकट्याच्या हयातीपुरती घेतली तर दरमहा चार पैसे अधिक. जोडीदाराच्या हयातीपर्यंत घेतली तर थोडे कमी. ही निवडही एकदाच करायची असते. हाती पडणाऱ्या आकड्याकडे पाहून पहिला पर्याय पत्करणे किती सोपे आहे, आणि त्याची किंमत कोण मोजणार, हे सांगावयास नको.

एकरकमी मिळणाऱ्या रकमेविषयीही येथेच बोलणे योग्य. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून एका व्यक्तीस ३० लाखांपर्यंत ठेव ठेवता येते. साठी गाठलेल्या पत्नीला स्वतःच्या नावाने वेगळे खाते उघडता येते. तिचे वय कमी असल्यास पतीच्या खात्यात तिचे नाव संयुक्त धारक म्हणून घालता येते, आणि पतीच्या पश्चात तिला ते मुदतीपर्यंत चालू ठेवता येते. ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम मुलाच्या फ्लॅटमध्ये घालण्यापूर्वी निदान काही भाग अशा रीतीने तिच्या नावाशी बांधून ठेवणे, याला मुलांवरील अविश्वास समजू नये.

कागदांचे दुर्दैव

निर्णय बरोबर घेतला आणि कागद चुकले, तर सारे व्यर्थ. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे नाव, मधले नाव आणि आडनाव तिन्ही बदलण्याची चाल आहे. पतीच्या नोंदीत तिचे एक नाव, आधारपत्रात दुसरे, बँकेच्या पुस्तकात माहेरचे तिसरे; आणि ही विसंगती उघडकीस येते ती तो गेल्यावर. तसेच, अविवाहित असताना आईच्या नावे केलेले प्रॉव्हिडंट फंडाचे नामनिर्देशन लग्नानंतर रद्द ठरते, नवे करावे लागते. हे न केल्यामुळे सासू आणि सून यांच्यात उभे राहणारे तंटे केवळ एका अर्जाने टळले असते. जानेवारी २०२५ पासून या योजनेची पेन्शन देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून घेता येते. निवृत्त होऊन गावी परतणाऱ्या जोडप्यांची एक मोठी अडचण त्यामुळे दूर झाली आहे. हयातीचा दाखला वर्षातून एकदा केव्हाही देता येतो. या सर्व गोष्टी पतीला ठाऊक असतात. पत्नीला त्या ठाऊक असणे अधिक आवश्यक आहे.

तिची सही कोठे आहे?

या विषयाची आणखी एक बाजू शासनाशी संबंधित आहे. योजनेतील किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, आणि विधवेसही तेवढाच किमान आधार आहे. राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्ये ती किमान ३,००० रुपये करण्याची शिफारस केली होती. निवृत्तांची मागणी ७,५०० रुपये व महागाई भत्त्याची आहे. तिच्यासाठी बुलढाण्यास डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू झाले. दुसरीकडे, २०१५ मध्ये याच केंद्र सरकारने सुरू केलेल्या अटल पेन्शन योजनेत सभासदाच्या मृत्यूनंतर जोडीदारास तेवढीच पेन्शन पुढे चालू राहते. एका योजनेत जोडीदार पूर्ण आणि दुसरीत अर्धा, हा भेद कोणत्या तत्त्वावर केला, याचे उत्तर मिळावयास हवे. संसाराचा खर्च माणूस गेल्यावर निम्मा होत नाही. घरपट्टी, वीज, औषध यांपैकी काहीही अर्ध्या दरात मिळत नाही.

याहून लहान, आणि म्हणून लवकर होऊ शकेल अशी एक सुधारणा आहे. आज पन्नाशीत कपातीची पेन्शन मागणाऱ्या सभासदास पत्नीची संमती लागत नाही. अर्जासोबत दोघांचे छायाचित्र लागते, पण तिचे मत लागत नाही. अमेरिकेत १९८४ च्या एका कायद्याने खासगी पेन्शनमधील जोडीदाराचा हिस्सा सोडून द्यायचा असेल, तर जोडीदाराची लेखी संमती आवश्यक केली. ज्या देशाचे पेन्शनविषयक सल्ले आपण फोनवरून मागवितो, त्याची ही एक गोष्ट मात्र आपण मागविलेली नाही. लवकरच्या पेन्शनच्या अर्जावर, ‘यामुळे तुमच्या पश्चात तुमच्या जोडीदारास दरमहा इतके रुपये कमी मिळतील’ असा एक आकडा छापून त्याखाली तिची सही घेण्याची तरतूद करण्यास फार मोठा निधी लागणार नाही. तिने नकार द्यावा, असे सुचवायचे नाही. मुलाच्या फीसाठी ती बहुधा होकारच देईल. परंतु तो जाणून दिलेला होकार असेल.

कायदा बदलेपर्यंत घराने ते करावे. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक जोडप्याने एखाद्या रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि तीन आकडे काढावेत: दोघे असताना दरमहा किती येईल, ती एकटी राहिल्यास किती येईल, आणि तो एकटा राहिल्यास किती येईल. लेखनिक आणि शिक्षक वाचकांना हे गणित अवघड नाही. शेजारच्या कामगाराच्या घरी जाऊन ते मांडून देणे हेही त्यांना जमेल. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आपल्या आईवडिलांसाठी ते करावे. तिन्ही आकडे समोर असताना पतीने लवकर पेन्शन घेण्याचे ठरविले, तर ते योग्यच असेल. कारण तो निर्णय मग दोघांनी मिळून घेतलेला असेल.